आधी ऊन मोजा, मग कापड घ्या

लेखाचा विषय कळल्यावर निम्मे वाचक पान उलटणार, याची मला कल्पना आहे. मेकॅनिकलवाले रोबोटवर लिहितात, कॉम्प्युटरवाले कृत्रिम बुद्धिमत्तेवर लिहितात, आणि आम्ही टेक्स्टाईलवाले कशावर? तर अंगणातल्या खुर्च्यांच्या गाद्यांना कापड कोणतं घ्यावं यावर! हसा, हसा. पण हसून झालं की एकदा कोणत्याही हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन या. तिथे मागच्या बॅचपैकी कुणाची तरी विसरलेली उशी किंवा सतरंजी कोपऱ्यात पडलेली असतेच. तिला हात लावून बघा. कापड बोटानं फाटतं. मधल्या काळात तिच्यावर कुणी बसलं नाही, कुणी ओढलं नाही, धुण्याचा तर प्रश्नच नाही. मग ती विरली कशानं?

उत्तर डोक्यावर आहे. उन्हानं.

बाहेरच्या गादीचं कापड घेताना आपण काय बघतो? रंग, डिझाईन, भाव आणि ‘वॉटरप्रूफ आहे ना?’ एवढा एक प्रश्न. ऊन किती सोसेल हे कुणी विचारत नाही. आणि आपल्या नांदेड-लातूरकडे कापडाचा खरा वैरी पाऊस नाही, ऊन आहे. या लेखात मला एवढंच सांगायचं आहे. बाकी सगळं त्याचं स्पष्टीकरण.

हा विषय माझ्याकडे अभ्यासक्रमातून आला नाही, घरातून आला. लातूरला आमचं गाद्या भरण्याचं आणि सोफ्याच्या कामाचं छोटं दुकान आहे. २०२३ च्या दिवाळीनंतर एका लॉन्सवाल्यांनी उघड्यावरच्या बैठकींसाठी साठ गाद्यांची ऑर्डर दिली. आमच्यासाठी ती मोठीच. कापड एका ठोक व्यापाऱ्याकडून आलं. ताग्यावर ‘आउटडोअर, वॉटरप्रूफ’ असा शिक्का होता. गडद गुलाबी, वर पांढरी फुलं. डिसेंबरात गाद्या गेल्या, लग्नसराई झाली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात फोन आला. गुलाबी रंग उडून पेरूच्या गरासारखा झाला होता आणि बसलं की शिलाईच्या कडेनं कापड टर्रकन् फाटत होतं.

व्यापाऱ्यानं हात वर केले. आमच्या अण्णांनी गिऱ्हाइकाला शब्द दिला होता, म्हणून चाळीस गाद्यांच्या खोळी पदरच्या पैशानं बदलून दिल्या. ते पैसे ताईच्या बी.एड.च्या फीसाठी बाजूला ठेवलेले होते. फी पुढे हप्त्यानं भरली, ती गोष्ट वेगळी.

काढून आणलेल्या खोळी दुकानात पडल्या होत्या. सुट्टीत घरी गेलो तेव्हा मी त्या उलटसुलट करून बघायला लागलो. अण्णा म्हणाले, “काय बघलालास रे त्या चिंध्यांत?” मी त्यांना एकाच खोळीच्या दोन पट्ट्या कापून दाखवल्या. एक वरच्या बाजूची, एक खालच्या. वरची हातानं फाटली. खालची दोघांनी दोन टोकांनी ओढली तरी फाटेना, आणि रंगही तसाच गडद! तागा तोच, शिलाई तीच, महिने तेवढेच. फरक एवढाच, की वरच्या बाजूनं ऊन पाहिलं आणि खालच्या बाजूनं पाहिलं नाही. आणि गंमत म्हणजे वरच्या पट्टीवर पाण्याचा थेंब टाकला तर तो अजूनही आरपार जात नव्हता! म्हणजे शिक्का खोटा नव्हता. कापड वॉटरप्रूफ होतंच. ते ‘ऊनप्रूफ’ नव्हतं.

ऊन नेमकं करतं काय?

फर्स्ट इयरची केमिस्ट्री आठवा (केटी लागली असेल तरी आठवा!). सूर्यप्रकाशातली अतिनील किरणं सुमारे ३०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंत जमिनीवर पोहोचतात. या तरंगलांबीची ऊर्जा मोलमागे साधारण ४०० किलोज्यूल भरते. कार्बन-कार्बन बंध तोडायला सुमारे ३५० पुरतात. कापडाचा धागा म्हणजे अशा बंधांच्या लांबच लांब साखळ्या. प्रत्येक किरण साखळी तोडतोच असं नाही, पण महिनोन् महिने मारा चालू राहिला की साखळ्या आखूड होत जातात आणि धागा ठिसूळ होतो. रंगाचे रेणू तर त्याहून नाजूक, म्हणून आधी रंग उडतो, मग ताकद जाते. रंग उडणं ही पहिली नोटीस समजा.

आता आपला भाग बघा. लातूर साधारण १८.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि नांदेड १९.१ अंशावर. त्यामुळे मे महिन्याच्या मध्याला सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. तेव्हा आकाश बहुतेक निरभ्र, पारा चाळिशीच्या पुढे. म्हणजे किरणं सर्वांत सरळ येतात तेव्हाच आडवायला ढग नसतात. त्यानंतर तीन आठवड्यांत पाऊस सुरू. आधी उन्हानं धागा कमकुवत करायचा, मग पावसानं भिजवून बुरशी लावायची, असा हा जोडीचा हल्ला आहे. थंड देशातल्या कॅटलॉगमध्ये ‘पाच वर्षे टिकते’ असं लिहिलेलं असेल, तर ती पाच वर्षं तिकडच्या उन्हातली, आपल्याकडची नव्हेत.

आपलं सुती कापड कुठे बसतं?

आपण कापसाच्या मुलखातली माणसं. ‘नांदेड ४४’ हे संकरित वाण (कागदोपत्री एन.एच.एच. ४४) आपल्याच नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रानं दिलेलं. त्यामुळे सुती कापडाला नावं ठेवताना जीभ अडखळते. आणि नावं ठेवायची गरजही नाही. ठरावीक प्रमाण हवेत सूत आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा धरतं, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून उन्हाळ्यात सुती गादीवर घाम टिपला जातो आणि बरं वाटतं. सूत ओलं झालं की उलट मजबूत होतं, हेही खरं. पण तो ओलावा बुरशीला आवडतो आणि सुताचं सेल्युलोज हे बुरशीचं खाद्यच आहे. त्यात ऊन. म्हणून सावलीत सूत राजा, उघड्यावर मात्र दोन पावसाळे काढणंही कठीण.

उघड्यावर राहणाऱ्या सुती कापडाचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्याच दोन जिल्ह्यांत आहे, ते म्हणजे राष्ट्रध्वज. मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचं ध्वजाचं खादी कापड लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला विणलं जातं आणि ध्वज नांदेडला तयार होतात. खादीच्या ध्वजासाठी भारतीय मानक आहे, त्याचा क्रमांकच ‘आय.एस. १’! सूत, विणीतल्या धाग्यांची संख्या, रंगछटा, रंगाचा पक्केपणा, सगळ्याची मोजमापं त्यात ठरलेली आहेत. एवढी काळजी घेऊनही ध्वज कायमचा टिकत नाही. फाटलेला किंवा विस्कटलेला ध्वज लावू नये असं ध्वजसंहिता सांगते, म्हणून तो बदलायचाच. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर पॉलिस्टरच्या आणि यंत्रावर तयार झालेल्या ध्वजालाही परवानगी मिळाली. पण खादी ध्वजाची किंमत त्याच्या आयुष्याच्या महिन्यांवर ठरत नाही. गादीची ठरते. कापडाकडून आपल्याला काय हवंय हे आधी ठरवावं लागतं, ते असं.

मग उघड्यावर काय?

इथे आमचे कृत्रिम धागे येतात. नायलॉन झिजेला चिवट, पण साधं नायलॉन उन्हाला कच्चं. पॉलिप्रॉपिलीन हलकं आणि स्वस्त, पाणी जवळजवळ पीतच नाही. पण त्यात ऊन सोसण्याचं रसायन धागा काढतानाच मिसळलेलं नसेल तर त्याचा उन्हात भुगा होतो. प्लॅस्टिकच्या सुतळीचा उन्हाळ्यानंतर होतो ना, तसाच. पॉलिस्टर मधलं. सूत किंवा साध्या नायलॉनपेक्षा बरंच बरं, भावही आवाक्यातला. आणि उन्हाला सर्वांत चिवट अ‍ॅक्रिलिक. अमेरिकेतल्या ग्लेन रेव्हन कंपनीनं १९६१ साली ‘सनब्रेला’ नावानं अ‍ॅक्रिलिकचं कापड दुकानांच्या छतांसाठी बाजारात आणलं. तोवर तिथे सुती कॅनव्हास वापरत आणि तो कुजायचा. पुढे तेच कापड बोटींवर आणि बागेतल्या गाद्यांवर आलं.

पण नुसतं धाग्याचं नाव विचारून भागत नाही. दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे: रंग कुठे आहे? लग्नात नवरदेवाला हळद लावतात, ती दोन आंघोळींत जाते. हळकुंड मात्र कुठेही मोडा, आतून पिवळंच! साधं रंगवलेलं किंवा छापलेलं कापड म्हणजे हळद लावलेला नवरदेव. धागा तयार झाल्यावर किंवा कापड विणून झाल्यावर त्याला रंग दिलेला असतो. दुसऱ्या प्रकारात धागा ज्या द्रवापासून काढतात त्या द्रवातच रंगाची भुकटी मिसळतात. म्हणजे धागा जन्मतःच रंगीत, हळकुंडासारखा. याला ‘सोल्यूशन डाईड’ म्हणतात. अ‍ॅक्रिलिकमध्ये मिळतं, पॉलिस्टरमध्येही मिळतं. आमच्या त्या गुलाबी कापडाची उलटी बाजू पांढरी होती. हे पाच सेकंदांत दिसणारं लक्षण आहे.

रेक्झिनचं काय? रेक्झिन म्हणजे कापडावर पी.व्ही.सी.चा थर. पाणी आत जात नाही हे खरं, पण मे महिन्यात दुपारी त्यावर बसून दाखवा! शिवाय तो थर मऊ ठेवणारं रसायन उन्हात हळूहळू निघून जातं, मग थर कडक होऊन तडकतो. स्कूटरच्या जुन्या सीटवर तुम्ही हे बघितलंच असेल.

आकड्यांचा खेळ

रंग उन्हात किती टिकतो याचं माप लॅबमध्ये ठरलेलं आहे. झेनॉन दिव्याखाली कापडाचा तुकडा ठेवतात आणि सोबत निळ्या लोकरीच्या आठ प्रमाण पट्ट्या. आपला तुकडा कोणत्या पट्टीच्या बरोबरीनं फिका पडला, तो त्याचा नंबर. १ म्हणजे अगदी कच्चा, ८ म्हणजे पक्का. गंमत अशी, की प्रत्येक पुढचा नंबर मागच्याच्या साधारण दुप्पट प्रकाश सोसतो. म्हणजे ४ आणि ७ मध्ये फरक तिपटीचा नाही, दोनाचा तिसरा घात, साधारण आठपट! म्हणून दुकानदाराला ‘रंग पक्का आहे का’ असं विचारू नका, तो हो म्हणणारच. ‘लाईट फास्टनेस किती’ असं विचारा. उघड्यावर ठेवायचं असेल तर ७ किंवा ८ हवा. व्हरांड्यात ५-६ चालतो.

दुकानदार बऱ्याचदा दुसराच आकडा सांगतात: ‘एवढे हजार रब’. तो घासण्याचा आकडा. ऑफिसच्या सोफ्याला तो कामाचा, पण उन्हाबद्दल तो काहीच सांगत नाही.

कापडाच्या आत आणि कडेला

अ‍ॅक्रिलिक आणलं आणि साध्या सुती दोऱ्यानं शिवलं तर कापड राहील आणि शिलाई उसवेल. दोरा उन्हाला टिकणारा पॉलिस्टरचाच हवा. चेन जाड दाताची प्लॅस्टिकची घ्या, लोखंडी गंजते. चेन आणि शिलाई शक्यतो गादीच्या खालच्या किंवा मागच्या बाजूला येऊ द्या. आतला फोम स्पंजासारखा पाणी धरून बसतो, म्हणून खोळीच्या तळाला जाळीचं कापड लावलं तर पाणी निथळतं आणि हवाही फिरते. पूर्ण वॉटरप्रूफ खोळीत शिलाईच्या भोकांतून शिरलेलं पाणी बाहेरच पडत नाही आणि गादी आतून कुजते. पाणी अडवण्यापेक्षा त्याला वाट देणं बरं. उघड्यावर आपल्या सावरीच्या कापसाची गादी नको. ती भिजली की गोळा होते.

आणखी एक हिशेब लातूरकरांना सांगायला नको. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी पांघरुणंसुद्धा धुतली नव्हती. तेव्हापासून अण्णा गिऱ्हाइकाला विचारतात, “धुवायला पाणी हाय का तुमच्याकडं?” पांढरं सुती कापड दर आठवड्याला बादली मागतं. जन्मतः रंगीत कृत्रिम कापडावरची धूळ कोरडी झटकली आणि ओल्या फडक्यानं पुसलं तरी भागतं. तेव्हा फार पांढरा नको, कारण मळ दिसतो. फार काळा नको, कारण तापतो. मातकट, राखी, फिकट हिरवा असे रंग आपल्या धुळीला शोभतात.

मग महागच घ्यायचं का?

नाही! इथेच लोक दुसऱ्या टोकाला जातात. सोपं सूत्र आहे: कापडाचा खर्च अधिक शिलाई, भागिले टिकलेली वर्षं. शिलाई दोन्हीकडे सारखीच असते हे विसरू नका.

समजा एका गादीला साधं कापड २०० रुपयांचं, चांगलं ७०० चं आणि शिलाई १५० रुपये. उघड्या उन्हात साधं दीड वर्ष टिकलं तर ३५० भागिले दीड, म्हणजे वर्षाला २३३ रुपये. चांगलं पाच वर्षं टिकलं तर ८५० भागिले पाच, म्हणजे १७० रुपये. महाग कापड स्वस्त पडलं.

आता तीच गादी सावलीच्या व्हरांड्यात ठेवा. साधं पाच वर्षं टिकलं तर वर्षाला ७० रुपये. चांगलं आठ वर्षं टिकलं तरी १०६. इथे महाग कापड खरंच महाग पडलं! आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या दुकानातले भाव घालून बघा. पण निर्णय कापडाच्या आधी जागेवर होतो, हे लक्षात येईल. म्हणून खरेदीला जाण्याआधी एका सुट्टीच्या दिवशी दर तासाला खुर्चीकडे बघा आणि किती तास थेट ऊन पडतं ते वहीत मांडा. तासाभराच्या आत असेल तर सुती किंवा साधं पॉलिस्टर खुशाल घ्या. दोन-तीन तास असेल तर सोल्यूशन डाईड पॉलिस्टर. दिवसभर असेल तर अ‍ॅक्रिलिक, नाहीतर खुर्चीच हलवा. कडुनिंबाच्या सावलीला मीटरनं पैसे पडत नाहीत.

हॉस्टेलवर करता येतील अशा चाचण्या

दुकानातून नमुन्याचा तळहाताएवढा तुकडा मागून आणा, देतात. मग:

पहिली, उलटी बाजू बघा आणि एक धागा उसवा. दोन्हीकडे आणि धाग्याच्या आतही रंग सारखा असेल तर आशा आहे.

दुसरी, पांढरा रुमाल ओला करून तुकड्यावर दहा वेळा घासा. रुमालाला रंग लागला तर तो पुढे तुमच्या शर्टालाही लागणार.

तिसरी, एक धागा पाण्यात बुडवून, बोटानं हवेचे बुडबुडे काढून सोडा. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन, कारण त्याची घनता पाण्याहून कमी, ०.९१ आहे. पॉलिस्टर, अ‍ॅक्रिलिक, सूत तिन्ही बुडतात.

चौथी, चिमट्यात धागा धरून जाळून बघणं. ही रूमवर नको, लॅबमध्येच करा, नाहीतर रेक्टर सर माझ्याकडे येतील! सूत कागदासारखा वास देऊन राख होतं, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो.

पाचवी आणि खरी. तुकड्याचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्यानं झाका, पुठ्ठ्याला घट्ट दोरी बांधा आणि गच्चीवर थेट उन्हात ठेवा. महिन्यानं पुठ्ठा काढा. मधोमध रेघ दिसली तर ते कापड उघड्यावरचं नाही. मग उघड्या भागाची पट्टी आणि झाकलेल्या भागाची पट्टी ओढून बघा. झेनॉनच्या दिव्याचं काम आपल्याकडे सूर्य फुकट करतो.

अण्णांनी आता दुकानात हाच नियम केला आहे. नवा तागा आला की त्याचा तुकडा दुकानाच्या पत्र्यावर जातो, मार्च ते मे. “उन्हाळा काढलं तर कापड, नाहीतर फडकं,” असं ते म्हणतात. उघड्यावरच्या कामाची गॅरंटी फक्त पत्र्यावरून पास झालेल्या कापडालाच मिळते. यंदा सहा ताग्यांपैकी दोन पास झाले, आणि त्यातला एक भावानं सर्वांत महाग नव्हता.

हा अंक हातात पडेल तेव्हा गॅदरिंग संपलेलं असेल आणि पी.एल. लागायची असेल. अभ्यासाला गच्चीवर जाणारच आहात, तर जाताना सोबत एक तुकडा आणि पुठ्ठा घेऊन जा. सर-मॅडमनीही आपल्या क्वार्टरच्या गॅलरीत एखादा ठेवावा. तुकड्यावर तारीख आणि रोज किती तास ऊन लागलं ते लिहून ठेवा, आणि सुट्टीला घरी जाण्याआधी तो आमच्या टेक्स्टाईलच्या नोटीस बोर्डाला टाचा. वीस-पंचवीस तुकडे जमले तरी पुढच्या अंकासाठी नांदेडच्या उन्हाचा आपला स्वतःचा तक्ता तयार होईल.